गेटच्या आतला ब्रेक, गेटबाहेरचा ब्रेक

भिलाईचे सेक्टर 2 ही पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी आखून वसवलेली वस्ती. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भट्ट्यांबरोबर हे सेक्टरही उभे राहत गेले. इथल्या घरांत शटडाऊन, परमिट, मेंटेनन्स हे शब्द तीन पिढ्या जेवणाच्या ताटाभोवती बोलले गेले आहेत. यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करायचे नसते, बिघडण्याआधी उघडायचे असते, हे इथल्या निवृत्त फिटरला वेगळे शिकवावे लागत नाही. सेक्टरच्या उत्तरेचा रेल्वेमार्ग ओलांडून जी. ई. रोडला लागले, की पॉवर हाऊस आणि खुर्सीपारच्या बाजूला दुसरे जग सुरू होते. कारखान्याचे पोलाद राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असे करत नागपूरकडे नेणारे ट्रक, ते दुरुस्त करणारी गॅरेजे, टायरवाले, वेल्डिंगवाले, लेथवाले. या दोन जगांमध्ये अंतर थोडे आहे, पण ब्रेक या एकाच वस्तूकडे पाहण्याची त्यांची रीत पार वेगळी आहे. कारखान्याच्या गेटच्या आत ब्रेकची तपासणी हे नोंदवलेले, सहीचे, जबाबदारीचे काम असते. गेटच्या बाहेर तेच काम तोंडी, घाईचे आणि बिनसहीचे होते. ट्रकचा ब्रेक ऐन वेळी दगा देतो त्यामागे यंत्राच्या दोषाइतकाच हा फरक असतो, आणि तो मिटवता येण्यासारखा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी आतला ब्रेक पाहू. पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूने भरलेले लॅडल उचलणाऱ्या ओव्हरहेड क्रेनला बहुधा ड्रम ब्रेकच असतो. फिरणाऱ्या ड्रमला दोन शू बाहेरून कवटाळतात. त्यांना आवळून धरण्याचे काम स्प्रिंगचे, आणि सोडवण्याचे काम थ्रस्टर नावाच्या विजेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक उपकरणाचे. वीज गेली, तेल गळले, थ्रस्टर बंद पडला, तर स्प्रिंग शूंना ड्रमवर दाबते आणि भार जागच्या जागी थांबतो. म्हणजे थ्रस्टर निकामी झाला तरी हा ब्रेक लागतो. तरीही त्याच्यावर आंधळा विश्वास कोणी ठेवत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने घालून दिले, की वजन उचलणारे प्रत्येक यंत्र बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीने बारकाईने तपासले पाहिजे आणि त्याची नोंदवही ठेवली पाहिजे. कायद्याची ही किमान मर्यादा झाली. चांगल्या कारखान्याचे वेळापत्रक तिच्याहून कडक असते. शूंवर बसवलेले, ड्रमला घासणारे लायनिंग किती उरले, शू आणि ड्रम यांत फट किती, स्प्रिंगची लांबी किती, हे मोजले जाते आणि मोजणाऱ्याचे नाव कागदावर येते.

ट्रकचा हायड्रॉलिक ड्रम ब्रेक नेमका उलटा असतो. चालक पेडल दाबतो, मास्टर सिलिंडर तेलावर दाब आणतो, तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो, तिथले पिस्टन शूंना आतून बाहेर ढकलतात आणि लायनिंग ड्रमला घासते. या साखळीतील एक कडी निसटली, तर त्या भागाचा ब्रेक लागतच नाही. दोन स्वतंत्र सर्किट असलेल्या गाडीत अर्धा ब्रेक उरतो, एवढाच दिलासा. रचना जुनी आणि सिद्ध आहे. लुई रेनॉने 1902 मध्ये ड्रम ब्रेकला आजचे रूप दिले. माल्कम लॉकहीडने तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट 1917 मध्ये मिळवले. आपल्याकडे 1986 साली आलेली टाटा 407 आणि त्याच वर्षी पीथमपूरमध्ये सुरू झालेल्या आयशरच्या गाड्या हाच ब्रेक घेऊन घराघरांत पोचल्या. भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी पट्ट्या, गॅसची सिलिंडरे, पाण्याच्या टाक्या वाहणाऱ्या मध्यम गाड्यांचा मोठा भाग अजून तेलाच्या ब्रेकवर चालतो. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकना आता हवेचा ब्रेक असतो, पण त्यांच्याही चाकात शू, लायनिंग आणि ड्रम तेच आहेत. जो ब्रेक निकामी झाला तरी थांबवतो त्याला नोंदवही आहे, आणि जो निकामी झाला की थांबवत नाही त्याला ती नाही. एवढी विसंगती लक्षात आली, तरी पुढचे सगळे म्हणणे कळायला सोपे जाईल.

या ब्रेकमध्ये सगळा खेळ फटीचा असतो. ड्रम आणि लायनिंग यांच्यात मिलिमीटरच्या अंशाएवढी जागा ठेवावी लागते, नाहीतर चाक मोकळे फिरणार नाही. लायनिंग झिजले की ही जागा वाढते आणि पिस्टनला जास्त सरकावे लागते. किती जास्त, हे हिशेबाने पाहता येते. एका गाडीत चार चाकांना मिळून आठ पिस्टन आहेत, मास्टर सिलिंडरचा व्यास त्या पिस्टनांएवढाच आहे, आणि पेडलची तरफ पाचास एक आहे, असे धरू. शूचे एक टोक खिळलेले असते, म्हणून मध्यावर लायनिंग अर्धा मिलिमीटर झिजले तर पिस्टनच्या टोकाला जवळजवळ एक मिलिमीटर जास्त जावे लागते. आठ पिस्टनांचा एकेक मिलिमीटर भरून काढायला मास्टर सिलिंडरला आठ मिलिमीटर सरकावे लागते, आणि चालकाच्या पायाला चाळीस. नखाएवढ्या झिजेने पेडलचा चार सेंटिमीटर प्रवास खाल्ला जातो, तोही पूर्ण प्रवास पंधरा-सोळा सेंटिमीटर असताना. उरलेल्या जागेत ब्रेक अजून लागतोच, आणि धोका इथेच सुरू होतो. रोज थोडे थोडे खाली जाणारे पेडल चालकाच्या पायाला सवयीचे होते. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. गाडी भरलेली असेल, उतार असेल आणि पुढे अचानक कोणी आडवे आले, तेव्हाच पेडल फळीला टेकते. त्या दिवशी लोक म्हणतात, ब्रेक फेल झाला. फट मात्र कित्येक आठवडे वाढत आलेली असते.

म्हणून ब्रेक सेट करणे हे गाडी सजवण्याचे काम नव्हे. चाक जॅकवर उचलायचे, ड्रम थंड आहे याची खात्री करायची, हँडब्रेक पूर्ण सोडायचा, मागच्या प्लेटमधल्या खिडकीतून ॲडजस्टर फिरवत चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत शू आवळायचे, मग तोच ॲडजस्टर खाच-खाच मागे घेत चाक घासल्याशिवाय फिरेपर्यंत सोडायचा. दोन-चार वेळा पेडल दाबून शू ड्रममध्ये बसू द्यायचे आणि पुन्हा तपासायचे. एका एक्सलची दोन्ही चाके सारखी सेट करायची, नाहीतर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढते. तापलेला ड्रम सेट केला तर तो थंड होऊन आकसल्यावर शूंना जखडतो, चाक घासत राहते, घासून तापते, आणि पुढचे बिघाड तिथून सुरू होतात. हे सारे नीट करायला प्रत्येक चाकामागे वेळ लागतो. ट्रक उभा असतो, मालक फोन करत असतो, माल भरायचा असतो. मग गाडीखाली शिरून ॲडजस्टर चार खाचा फिरवून ‘झालं, उस्ताद’ म्हणणे सोपे पडते. पेडल वर येते, चालकाला बरे वाटते, आणि ड्रम उघडून लायनिंग पाहण्याचे काम पुढच्या फेरीवर जाते.

उष्णतेचा हिशेब याहून कठोर आहे. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. 16 टनांचा ट्रक ताशी 60 किलोमीटरवरून थांबवला तर सुमारे 22 लाख ज्यूल ऊर्जा ड्रममध्ये जाते. चार ड्रम मिळून 200 किलो ओतीव लोखंड धरले, तर एका थांबण्याने ते वीसेक अंशांनी तापतात. हे सहज सोसते. घाटात चित्र पालटते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे 500 मीटरची उंची सुटते. तेवढ्या उतरणीत त्याच ट्रकची जवळजवळ 8 कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली, तर कागदावरचे उत्तर सातशे-आठशे अंशांच्या तापमानाचे येते. वारा आणि टायर काही भाग उचलतात, पण मोठा वाटा इंजिनानेच उचलायला हवा. खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा नियम इथून आला आहे. छत्तीसगडमध्ये रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर केशकाल घाटाची वळणे आहेत आणि बस्तरकडची अवजड वाहतूक तिथून जाते. भिलाईच्या सपाट रस्त्यावर सेट केलेल्या ब्रेकची खरी परीक्षा तिथे होते. शिवाय तापलेला ड्रम फुगतो. 400 मिलिमीटरचा ड्रम 250 अंशांनी तापला, तर त्याची त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते. शूही तापून थोडे वाढतात, म्हणून हा सगळा फरक उरत नाही, पण बराचसा उरतो. झिजेने आधीच चार सेंटिमीटर खाल्लेल्या पेडलमधून आणखी प्रवास या फुगण्याने जातो. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका एक्सलवरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. वेग तोच ठेवला, तर थांबवायची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढली. आधीपासून रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे ड्रम मात्र होते तेवढेच राहिले.

तेलाची गोष्ट तर बहुतेक मालकांच्या हिशेबातच नसते. ब्रेक ऑइल हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव असते आणि ते हवेतील ओल शोषते. डॉट 3 दर्जाचे कोरडे तेल 205 अंशांच्या आधी उकळू नये, असे प्रमाण आहे. त्यात 3.7 टक्के पाणी शिरले की ही मर्यादा 140 अंशांवर येते. छत्तीसगडचा पावसाळा आणि दोन-तीन वर्षे न बदललेले तेल एकत्र आले, की उतारावर व्हील सिलिंडरमधले तेल उकळून वाफ होते. तेल दाबले जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि चाक फिरतच राहते. गाडी उभी राहून थंड झाली की वाफेचे पुन्हा द्रव होते, पेडल पुन्हा कडक लागते, आणि तपासणाऱ्याला काहीच दोष सापडत नाही. त्यात कमी पडलेल्या ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल ओतण्याची चूक झाली, तर मास्टर आणि व्हील सिलिंडरचे रबरी कप फुगून निकामी होतात. मग नुसते तेल बदलून भागत नाही, सगळी किट बदलावी लागते. लायनिंगचेही तसेच. रिव्हेट ड्रमला लागेपर्यंत लायनिंग चालवले, तर रिव्हेट ड्रमवर चर पाडतात आणि लेथवर टर्निंगला जाणारा ड्रम प्रत्येक वेळी पातळ होतो. पातळ ड्रम कमी उष्णता साठवतो आणि लवकर तडकतो. हबच्या ऑइल सीलमधून ग्रीस लायनिंगवर आले, तर ते पुसून, जाळून पुन्हा बसवण्याचा मोह टाळायला हवा, कारण लायनिंगने आत शोषलेले ग्रीस पुसल्याने जात नाही. काम करणाऱ्याच्या छातीचाही विचार हवा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि सुट्या बाजारातल्या मालात काय आहे हे पाकिटावरून नेहमी कळत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रमची धूळ उडवण्यापेक्षा पाण्याने ओली करून ती पुसून घेणे, हा पोटावर काम करणाऱ्या पोराचा जीव जपण्याचा मार्ग आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. ब्रेक काय करणार, चालकच न्यूट्रलमध्ये उतरतो, असे मालक म्हणतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. आधी सगळ्यांनी ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले. प्राथमिक तपासात मात्र चालकाने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याची माहिती पुढे आली. इंजिन बंद झाले की इंजिनाची रोधशक्ती जाते, हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो आणि तेलाच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम बूस्टर एक-दोन दाबांत रिकामा होतो. या दाखल्यातून दोन गोष्टी निघतात. चालकाच्या वागण्याने चांगला ब्रेकही हरतो, ही एक. दुसरी अशी, की अपघातानंतर पहिल्या तासात दिलेला निदानाचा शिक्का पुराव्यावर टिकेलच असे नाही, आणि गाडीच्या ब्रेकची आधीची नोंद असती तर तपास कितीतरी सोपा झाला असता. चालकाचा दोष सिद्ध करायलाही नोंदवहीच लागते.

पण दर वेळी दोष चालकाचाच असतो, असेही नाही. अमेरिकेत 2001 ते 2003 या काळात ट्रकच्या 963 अपघातांचा तपशीलवार अभ्यास झाला. त्यात सुमारे 29 टक्के ट्रकमध्ये ब्रेकचा काही ना काही दोष आढळला. दोष आढळणे म्हणजे तोच अपघाताचे कारण, असे नव्हे, आणि अभ्यासाने तसा दावा केलेलाही नाही. तरी दर दहांत जवळजवळ तीन ट्रक, तेही कडक रस्ता-तपासणीच्या देशात, हा आकडा गंभीर आहे. आपल्याकडे 2022 मध्ये 4,61,312 अपघात आणि 1,68,491 मृत्यू नोंदले गेले, आणि वाहतुकीच्या नियमभंगांत सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचा ठरला. ज्या वेगाला ट्रक थांबायला हवा होता त्या वेगाला तो थांबला नाही, तर घटना अतिवेगाच्या रकान्यात जाणे स्वाभाविक आहे. पेडलला किती प्रवास उरला होता, हे विचारणारा रकाना त्या नोंदीत सहसा नसतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा आहे. आता हवेचे ब्रेक आले, एबीएस आले, फट आपोआप भरून काढणारे स्वयंचलित ॲडजस्टर आले, मग पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्याची चिंता कशाला? याचे उत्तर पेनसिल्व्हेनियातील ग्लेन रॉक गावाने दिले आहे. 11 एप्रिल 2003 रोजी तिथे ब्रेक न लागलेल्या एका डंपरने लोकांचे प्राण घेतले. तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या ध्यानात आले, की स्वयंचलित ॲडजस्टर हाताने पुन्हा पुन्हा आवळण्याची सवय खरा दोष झाकते. स्वयंचलित ॲडजस्टर फट राखत नसेल, तर त्याच्यात किंवा ब्रेकच्या इतर भागांत बिघाड आहे. तो शोधण्याऐवजी पान्याने आवळले की काही दिवस सगळे ठीक वाटते. नव्या ब्रेकला समजदार हात कमी लागतात, असे यातून दिसत नाही. उलट कुठे पाना लावायचा आणि कुठे लावायचा नाही, हे कळणारा मिस्तरी आता जास्त हवा.

तिसरा आक्षेप फिटनेसचा. परिवहन खाते तपासतेच की! 2018 च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. महिन्याला पाच हजार किलोमीटर धावणारा ट्रक दोन तपासण्यांच्या मध्ये लाखाहून अधिक किलोमीटर कापतो. तेवढ्यात लायनिंग झिजून बदलण्याची वेळ येऊन जाऊ शकते. अवजड मालवाहू गाड्यांसाठी यंत्राने चाचणी घेणाऱ्या केंद्रांची सक्ती 1 एप्रिल 2023 पासून ठरली होती, ती पुढे 1 ऑक्टोबर 2024 वर ढकलली गेली. ही केंद्रे यायलाच हवीत. रोलरवर चाक फिरवून मोजलेली ब्रेकशक्ती डोळ्यांच्या अंदाजापेक्षा केव्हाही चांगली. पण ती चाचणी त्या एका दिवसाची असते, आणि रिकाम्या, थंड गाडीची असली तर घाटातल्या तापलेल्या ड्रमबद्दल फारसे सांगत नाही.

शेवटचा आक्षेप गॅरेजमधूनच येतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. अनुभवी मिस्तरीला पेडलवर पाय ठेवताच कळते, कागद कशाला? हे कौशल्य खरे आहे. पण त्याचा पाय आज सांगतो ते आजचे. तीन महिन्यांपूर्वी याच चाकाचे लायनिंग किती होते आणि डावे चाक उजव्यापेक्षा लवकर का झिजते, हे कागदाशिवाय कोणालाच सांगता येत नाही. डावीकडच्या लायनिंगची झीज दोनदा लिहिली गेली, की तिसऱ्या वेळी अडकलेला पिस्टन किंवा गळणारा सील आपण होऊन सापडतो. मिस्तरीची सही ही त्याच्यावरची पाळत नव्हे. ती त्याच्या कामाची किंमत आहे. आज मजुरी ‘ब्रेक सेट’ या दोन शब्दांत आवळली जाते, त्यामुळे ड्रम उघडणारा आणि न उघडणारा यांना सारखेच पैसे मिळतात. चार ड्रम उघडून मोजमाप लिहून देणाऱ्याला वेगळा दर मिळाला, तर नीट काम करणारा बाजारात टिकेल. आयटीआयमध्ये दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात ब्रेक शिकवले जातात. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला गॅरेजमध्ये आपले शिक्षण वापरण्याची जागा अशा नोंदवहीने मिळेल.

या वहीसाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. गाडीचा नंबर, किलोमीटर, प्रत्येक चाकाच्या लायनिंगची सर्वांत पातळ जागी मोजलेली जाडी, ड्रमचा व्यास, ॲडजस्टर किती खाचा मागे घेतला, तेल कधी आणि कोणत्या दर्जाचे बदलले, काय गळत होते, आणि खाली दोन सह्या, काम करणाऱ्याची आणि गाडी घेणाऱ्याची. शाळेची बस असेल तर पालकांना ती वही पाहता यावी. सेक्टर 2 मधल्या ज्या माणसांनी आयुष्यभर शटडाऊनचे परमिट लिहिले, त्यांना अशी वही आखून द्यायला एक दुपार पुरे. त्यांनी ती खुर्सीपारच्या गॅरेजांत नेऊन द्यावी, ही त्यांना माझी थेट विनंती आहे.

दिवाळीनंतर छत्तीसगडमध्ये धान खरेदी सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत एकही ट्रक रिकामा उभा राहत नाही. पोती भरायला लागण्याआधीच्या या मोकळ्या दिवसांत प्रत्येक मालकाने आपल्या गाडीची चारही चाके उघडून घ्यावीत, जुने ब्रेक ऑइल काढून सीलबंद डब्यातले नवे भरावे, आणि मोजमाप लिहून मिस्तरीची सही घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.